देवबाभूळ धुऱ्यावर हवी, वावरात नको



सध्या आमच्या शिवारात दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. रब्बी निघाली, रानं मोकळी झाली, त्यामुळे जेसीबी लावून धुरे साफ करायची घाई सुरू आहे. धुऱ्यावर काटेरी दिसलं की मुळासकट काढायचं, ढीग मारायचा आणि पेटवून द्यायचं. त्याच वेळी एक एजंट गावोगाव फिरतोय. त्याच्याकडे देवबाभळीची रोपं आहेत. "सुगंधी शेती करा, एकरभर लावा, फुलं आम्ही घेतो, थेट फ्रान्सला जातात," असं सांगतोय. म्हणजे एक शेतकरी जे झाड धुऱ्यावरून उपटून जाळतोय, तेच झाड त्याचा शेजारी पैसे मोजून वावराच्या मधोमध लावायला निघालाय.

माझं मत सरळ सांगतो. दोघांचंही चुकतंय. देवबाभळीची जागा धुऱ्यावर आहे. तिथे ती लावा, तिथे असेल तर राखा. एकरात लावू नका. का, ते पुढे लिहितो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर खोडून काढा.

आधी झाड ओळखा

बाभूळ म्हटलं की आपण सगळ्यांना एका पंगतीत बसवतो. इथूनच घोटाळा सुरू होतो. आपल्याकडे चार वेगवेगळी झाडं आहेत.

आपली गावठी बाभूळ मोठी होते. तिच्या शेंगा मण्यांच्या माळेसारख्या, प्रत्येक बीजवळ आवळलेल्या असतात. वेडी बाभूळ, म्हणजे विलायती, तिची फुलं लांबट तुऱ्यात येतात आणि शेंगा पिवळसर, चपट्या असतात. सुबाभळीला काटा नसतो आणि फुलाचा गोंडा पांढरट असतो.

देवबाभूळ या तिघींपेक्षा वेगळी आहे. ते मुळात झुडूप आहे, दहा ते पंधरा फुटांपर्यंत जातं. बुडापासूनच अनेक फांद्या फुटतात. फांदी सरळ जात नाही, प्रत्येक पेरावर वळण घेत नागमोडी जाते. प्रत्येक पेरावर दोन सरळ काटे. पानं बारीक. फूल म्हणजे बोराच्या बीएवढा गोल, सोन्यासारखा पिवळा गोळा, आणि वास असा की आंधळ्या माणसालाही झाड सापडेल. शेंग जाड, गोलसर, थोडी वाकडी, बोटाएवढी, पिकली की काळपट तपकिरी होते आणि आपोआप फुटत नाही. कृषी सहायक मंडळींसाठी शास्त्रीय नाव: व्हॅचेलिया फार्नेसियाना. जुन्या पुस्तकात अकेशिया फार्नेसियाना सापडेल.

ते "फार्नेसियाना" कुठून आलं? रोममध्ये फार्नेझी घराण्याची बाग होती. अमेरिका खंडातून आणलेलं हे झाड तिथे लावलं होतं, आणि त्या बागेतल्या झाडांचं वर्णन १६२५ साली छापलं गेलं. त्यावरून नाव पडलं. म्हणजे झाड मुळात आपल्याकडचं नाही. पण इतकी वर्षं इथे राहिलं, माणसांनी त्याला "देव" जोडला आणि ते घरचं झालं. अलीकडे "संगीत देवबाभळी" नाटकामुळे शहरातल्या लोकांनाही हे नाव माहीत झालंय. तुकोबांची भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या आवलीच्या पायात काटा रुतल्याची कथा त्यात आहे. आपल्याला ती कथा वेगळी सांगावी लागत नाही, कारण तो काटा आपल्या सगळ्यांच्या पायात कधी ना कधी गेलेला आहे.

धुऱ्यावर का?

माझी चार एकर मोसंबी आहे, जालना जिल्ह्यात. बागेला कुंपण लागतंच. रानडुक्कर, रोही, मोकाट जनावरं, आणि खरं बोलायचं तर दोन पायांचीही.

कुंपणाचे आपल्यापुढे पर्याय किती? तारेची जाळी आणि सिमेंटचे खांब: ज्याला परवडतं त्यानं जरूर करावं. सोलर झटका मशीन: त्याचा झटका थांबून थांबून आणि मर्यादित असतो, जनावर घाबरतं पण मरत नाही. तेही चांगलं, पण बॅटरी, तारेखालचं गवत आणि मशीनची चोरी सांभाळावी लागते. आणि तिसरा प्रकार, जो कुणी उघड बोलत नाही: रात्री मेन लाइनवरून थेट करंट सोडायचा.

हा तिसरा प्रकार म्हणजे गुन्हा आहे, आणि त्यात माणसं मरतात. दर हंगामात कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातली बातमी येते. कधी पाणी द्यायला गेलेला शेजारी, कधी स्वतः तार लावणाराच. आमच्याच शिवारात दोन वर्षांपूर्वी एक बैल असा गेला. मागे कासरा धरून चालणारा पोरगा दोन पावलं मागे होता, म्हणून वाचला. डुक्करानं केलेलं नुकसान मोठं असतं हे मी नाकारत नाही. उभं पीक एका रात्रीत लोळवल्यावर माणसाचं डोकं फिरतं. पण त्याचा उपाय असा असू नये की सकाळी आपल्याच माणसाला खांदा द्यायला जावं लागेल.

म्हणून मी जिवंत कुंपणाचा आग्रह धरतो. आपले आजे-पणजे त्याला कुपाटी म्हणायचे. आणि कोरडवाहू भागातल्या कुपाटीसाठी देवबाभळीसारखं झाड थोडंच सापडेल. कारणं अशी:

एक, पाणी मागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून सरपण झाल्या. टँकरनं पाणी घालूनही झाडं हातची गेली. त्याच उन्हाळ्यात धुऱ्यावरची देवबाभूळ पानं टाकून शांत उभी होती. पहिला पाऊस पडला आणि आठवड्यात हिरवी झाली. पानगळ हा तिचा दुष्काळातला शहाणपणा आहे. खर्च भागत नाही तेव्हा खर्च बंद.

दोन, छाटली की वाढते. बुडातून पुन्हा पुन्हा फुटते. जितकी कापाल तितकी दाट होते.

तीन, मुळांवर गाठी धरते. डाळवर्गीय झाड आहे, हवेतला नत्र घेतं. त्याचा फायदा शेजारच्या पिकाला आपोआप मिळतो असं मी म्हणणार नाही. पण छाटणीचा कोवळा पाला आळ्यात टाकला तर तो नत्र जमिनीत येतो.

चार, शेळ्या पाला आवडीनं खातात, आणि जाड फांदी चुलीत चांगली जळते.

पाचवं कारण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं आहे, आणि त्याचा हिशेब कुणी करत नाही. माझ्याकडे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिला फूल असतं. त्या दिवसांत सकाळी झाडाजवळ उभं राहा, मधमाश्यांचा आवाज ऐकू येतो. त्या पराग न्यायला येतात. आता आमचा जालना-बुलडाणा पट्टा बीजोत्पादनाचा. कांद्याचे गोट लावून बी धरणारे शेकड्यानं आहेत. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतं, त्यामुळे माशी फिरल्याशिवाय गोंडा नीट भरत नाही. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे विचारतात, माश्या कुठे गेल्या? कुणी गुळाचं पाणी फवारतं, कुणी भाड्यानं पेट्या आणतं. अहो, माशी काय फक्त तुमच्या कांद्याच्या महिन्यात जगते? तिला वर्षभर काहीतरी लागतं. तुम्ही धुरा जेसीबीनं साफ केला, तणनाशक मारून बोडका केला, मग ती थांबेल कशावर?

एकरात का नको?

आता एजंटच्या गोष्टीकडे येऊ. तो पूर्ण खोटं बोलत नाही, अर्धं खरं बोलतो. अर्धं खरं जास्त महाग पडतं.

खरं एवढं आहे की दक्षिण फ्रान्समध्ये ग्रास नावाचं गाव अत्तराच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या भागात ही बाभूळ फुलांसाठी लावत आले आहेत, आणि तिच्या फुलांपासून निघणाऱ्या सुगंधी अर्काला बाजारात "कॅसी" म्हणतात. महागडा असतो. इथपर्यंत ठीक.

पुढचा हिशेब एजंट सांगत नाही, तो आपण करू.

दहा बाय दहा फुटावर लावलं तर एकरात ४३५ झाडं बसतात. चांगलं वाढलेलं झाड हंगामात किलोभर फूल देतं असं धरा, त्यापेक्षा जास्त धरू नका. म्हणजे सगळं जमून आलं तर एकरी सव्वाचारशे किलो फूल, तेही काही वर्षं थांबल्यावर. हे फूल एकदम येत नाही. दोन-तीन महिने थोडं थोडं फुलतं. म्हणजे तीच झाडं पुन्हा पुन्हा फिरून तोडावी लागतात. आणि तोडायचं कुठून? पेराच्या बगलेतून, जिथे दोन काटे उभे आहेत तिथूनच.

माझी विनंती एवढीच: सही करायच्या आधी एक सकाळ काढा. धुऱ्यावरच्या झाडाची फुलं स्वतः एक तास तोडा, मग काट्यावर वजन करा. मग आपल्या गावातली बाईची मजुरी त्याला लावा. काय भाव मिळाला तर परवडेल ते तुम्हालाच कळेल. माझ्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा तासाभरानं हातावरचे ओरखडे मोजायला जास्त होते आणि फुलं मोजायला कमी.

दुसरी गोष्ट अर्काची. आपल्याकडे काही जणांनी गवती चहा, जिरेनियमसाठी वाफेवरच्या भट्ट्या बसवल्यात. एजंट म्हणतो त्याच भट्टीत हे होईल. नाही होत. कॅसीचा अर्क वाफेवर काढत नाहीत. पूर्वी चरबीत फुलं मुरवून वास उतरवत, आता हेक्झेनसारख्या द्रावकानं काढतात. तो ज्वलनशील पदार्थ आहे. त्यासाठी वेगळा कारखाना, वेगळी परवानगी, वेगळी सुरक्षा लागते. शेडमध्ये करायचं काम नाही. आणि फूल नाजूक, तोडलं की लगेच न्यावं लागतं. मग तुमच्या गावापासून तो कारखाना किती लांब आहे?

म्हणून एजंटला हे पाच प्रश्न विचारा:

१. फूल घेणाऱ्याचं नाव-पत्ता काय? तुझं नाही, शेवटी घेणाऱ्याचं.
२. भाव किलोला किती, आणि तो कागदावर लिहून देतोस का?
३. तोडल्या दिवशी माल कोण उचलणार, कशानं?
४. अर्क काढायचा कारखाना कुठे आहे, दाखवशील का?
५. यापूर्वी फूल विकलेले पाच शेतकरी कुठले, त्यांच्याशी बोलता येईल का?

पाचही उत्तरं मिळाली तर मी माझं मत बदलेन. आमच्या गावात पहिल्या प्रश्नालाच गाडी चालू झाली होती. या माणसाचा धंदा रोपं विकायचा आहे, आणि तो तर रोपं विकल्या दिवशीच पूर्ण होतो. पुढची सगळी वर्षं तुमची. कोरफड, सफेद मुसळी, जट्रोफा... आठवतंय ना?

आणि एकरात लावलेली देवबाभूळ नको झाली तर काढायची कशी? बुडातून फुटते, जमिनीतलं बी वर्षानुवर्षं उगवत राहतं. धुऱ्यावर तिचा जो गुण आहे तोच वावरात अवगुण होतो.

लावायची कशी?

ज्यांना धुऱ्यावर लावायची आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगतो. रोपं विकत घ्यायची गरज नाही.

बी: शेंगा आत्ता पिकल्यात. काळ्या झालेल्या शेंगा गोळा करा, वाळवून कुटा, बी वेगळं करा. ज्या बीला बारीक गोल छिद्र आहे ते टाकून द्या, आत भुंगेऱ्यानं खाल्लेलं असतं.

किती लागेल: चार एकराचा चौकोनी तुकडा असेल तर एक बाजू साधारण ४१७ फूट, चारी बाजू मिळून १,६७० फूट. मी दोन ओळी लावतो, ओळींत दोन फूट अंतर, झाडांत दीड फूट, आणि दुसऱ्या ओळीचं झाड पहिल्या ओळीच्या फटीसमोर. एका ओळीत अकराशे, दोन्हीत बावीसशे जागा. प्रत्येक जागी तीन बिया म्हणजे साडेसहा हजार बिया. एका शेंगेत दहाच्या आसपास बिया धरल्या तरी हजारभर शेंगांत काम होतं. एक पोतं बास.

बीजप्रक्रिया: बीचं कवच कडक आहे, तसंच पेरलं तर काही यंदा उगवेल, काही पुढच्या वर्षी. पाण्याला उकळी आणा, खाली उतरवा, त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी फुगलेलं बी पेरायला घ्या. न फुगलेलं पुन्हा एकदा तसंच करा. चुलीवर ठेवून शिजवू नका, बी मरतं.

पेरणी: मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर, जमीन ओली असताना, अर्धा-एक इंच खोल. मी थेट धुऱ्यावरच टोकतो. पिशवीत केली तर मूळ लवकर तळाला जाऊन गोल फिरतं, अशी रोपं पुढे दुष्काळात दगा देतात. पिशवीतच करायची असतील तर जास्त दिवस ठेवू नका.

पहिली दोन वर्षं: हीच खरी परीक्षा. कोवळी देवबाभूळ शेळीला खाऊ वाटते. दोन्ही बाजूंनी वाळल्या काट्या टाका. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत तीन-चार वेळा पाणी दिलं तर तूट कमी पडते.

छाटणी: पहिल्या वर्षी झाड कमरेएवढं झालं की वीतभर ठेवून कापा. जीव तुटतो, पण कापा. नाहीतर ते वर जातं आणि खाली मोकळं राहतं. डुक्कर वरून येत नाही, खालूनच घुसतं. फुटलेल्या फांद्या एकमेकींत आडव्या गुंतवा. पुढे दरवर्षी फूल संपलं की लगेच छाटा, पाच फुटांच्या वर जाऊ देऊ नका.

अंतर: धुरा सामाईक असतो. शेजाऱ्याशी आधी बोला आणि आपल्या हद्दीत तीन फूट आत लावा. कुपाटीवरून कोर्टात जायचं नाही. बागेची पहिली ओळ निदान दहा-बारा फूट लांब असू द्या, मध्ये दोन फूट खोल चर मारा. मुळं बागेत येत नाहीत आणि पावसाचं पाणीही मुरतं.

एक सूचना: छाटणीचे काटे त्याच दिवशी उचला. ट्रॅक्टरचं टायर आणि माणसाचा पाय, दोन्हीला तो काटा सारखाच मानतो.

काय होत नाही, तेही सांगतो

देवबाभूळ म्हणजे सगळ्यावरचा इलाज असं कुणी समजू नये.

रोही उंच उडी मारतो, पाच फुटांच्या कुपाटीनं तो हमखास थांबेल याची हमी मी देत नाही. डुक्कर थांबतं, पण कुपाटी बुडाशी दाट असेल तरच, आणि एक भगदाड पडलं की सगळे तिथूनच येतात. म्हणून महिन्यातून एकदा फेरी मारून भगदाडात काट्या कोंबाव्या लागतात. दाट व्हायला तीन-चार वर्षं जातात. ज्याला याच हंगामात पीक वाचवायचं आहे त्यानं सोलर मशीन लावावं आणि सोबत कुपाटीही लावावी. म्हणजे मशीन जुनं होईपर्यंत कुपाटी उभी राहील.

उन्हाळ्यात ती पानं टाकते, म्हणजे एप्रिल-मेच्या तापलेल्या वाऱ्याला जेव्हा आडोसा हवा तेव्हाच ती उघडी असते. पश्चिमेच्या बाजूला म्हणून मी करवंद मिसळलंय, ते वर्षभर हिरवं असतं. कुठे घायपात चालतो. एकाच झाडाच्या भरवशावर राहू नका, हा नियम पिकाला आहे तसा कुपाटीलाही आहे.

आणि सगळ्यात गंभीर आक्षेप पसरण्याचा. मला एका कृषी पदवीधर मित्रानं तोंडावर विचारलं, "वेडी बाभळीनं काय केलं ते बघितलं ना? मग दुसरी का लावतोस?" प्रश्न बरोबर आहे. ऑस्ट्रेलियाच्या चराऊ रानांत देवबाभूळ तण म्हणून पसरलेली आहे. फिजी बेटांवर तर तिला "एलिंग्टनचा शाप" असं नाव पडलंय. जनावरं शेंगा खातात, शेणातून बी लांब जातं.

त्यावर माझं उत्तर असं. फूल संपल्यावर लगेच छाटलं तर कोवळ्या शेंगा छाटणीतच जातात, बी तयारच होत नाही. म्हणजे एकाच छाटणीत कुपाटी दाट होते आणि पसारा थांबतो. उरलेल्या शेंगा काळ्या व्हायच्या आधी शेळ्यांना घाला किंवा वेचून घ्या. ज्याला दरवर्षी छाटायला जमणार नाही त्यानं लावूच नये, हे मी स्पष्ट सांगतो. आणि गायरानात, माळावर, वनहद्दीला लागून तर अजिबात नको. माळाचं गवत ही वेगळी संपत्ती आहे. तिथे झाड नसणं हीच तिची तब्येत आहे. "वृक्षारोपण" म्हणून कुणी माळावर देवबाभळीचं बी फेकत असेल तर त्याला थांबवा.

जेसीबी लावायच्या आधी

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

धुरा साफ केला की दोन-तीन फूट जमीन निघते हे मला कळतं. वाटण्या होऊन वावरं इतकी लहान झालीत की माणूस प्रत्येक तासाचा हिशेब करतो. त्याला मी नावं ठेवत नाही. पण त्या दोन फुटांत किती सोयाबीन होतं आणि ते गेल्यामुळे किती खर्च वाढतो, हे एकदा समोरासमोर मांडा. जाळीचे पैसे, पेट्यांचं भाडं, पावसात वाहून गेलेली माती, सरपण, शेळीचा पाला. या सगळ्याची पावती कुणी देत नाही, म्हणून ते फुकट वाटतं. तारेच्या कुंपणाची पावती मिळते, म्हणून ते काम वाटतं.

ज्यांच्या धुऱ्यावर जुनी देवबाभूळ आहे त्यांनी यंदा जेसीबीऐवजी कुऱ्हाड घ्या. बुडापासून वीतभर ठेवून कापा, मूळ राहू द्या. पावसाळ्यात फुटेल, पुढच्या वर्षी गुंतवा. नव्यानं लावलेल्या झाडापेक्षा दोन-तीन वर्षं आधी कुपाटी तयार होईल, कारण मूळ आधीच खाली गेलेलं आहे. वेडी बाभूळ असेल तर मात्र जेसीबीच लावा. तिची वकिली मी करत नाही. म्हणूनच झाड ओळखण्यावर वर इतकं लिहिलं.

शेंगा अजून पंधरा-वीस दिवस झाडावर आहेत. मृगाला वेळ आहे. ज्यांना बी हवंय त्यांनी आपल्याच शिवारात फेरी मारावी, कुठल्या तरी धुऱ्यावर एखादं झाड नक्की सापडेल. एजंटकडून घेऊ नका.

तुमच्या भागात कुपाटीला काय लावतात, रोही कशानं थांबतो, हे जरूर लिहा. विशेषतः पाच वर्षांपेक्षा जुनी जिवंत कुपाटी कुणाकडे असेल तर तिचा फोटो बुडापासून काढून पाठवा. वरच्या पानांचा नको, खालची दाटी बघायची आहे.

राम राम.